विघटनाचा देह

ओतिलिया स्त्रेमेलबद्दल बाहेरच्या जगाला जे काही माहीत आहे ते एका व्हिडिओतलं आहे, आणि त्या व्हिडिओची मला शिसारी येते. कुठकुठल्या लोकांनी तो पाहिला, एकमेकांना पाठवला, खाली हसून लोळणारे पिवळे चेहरे चिकटवले. माझ्या भाच्याने तर तो मलाच पाठवला, 'मावशी, ही तुझ्याच खात्यातली ना गं?' म्हणून. मी त्याच्याशी बोलणं टाकलं. ओतीच्या शेजारच्या टेबलाशी बसून मी अख्खी नोकरी काढली आहे. त्या व्हिडिओच्या आधीचं आणि नंतरचं मला ठाऊक आहे, आणि ते सांगून टाकल्याशिवाय मी राहायची नाही.

ओती मूळची कोरोनेल सुआरेसजवळच्या जर्मन वस्तीतली. खापरपणज्याने रशियातून आणलेली बोली तिथे अजून स्वयंपाकघरात चालते. वडिलांची बेकरी होती आणि आई, जिला सगळे मानाने दोन्या अपोलोनिया म्हणत, लग्न झाल्यापासून त्या बेकरीत पहाटे उठून पीठ मळत आली. ओती शिकायला आमच्या बाईया ब्लांका शहरात आली, बीजगणिताच्या नादी लागली आणि इथेच राहिली. लग्न जमता जमता राहिलं. प्राध्यापकही झाली नाही. जन्मभर उदाहरणांच्या तासांची प्रमुख. दुसऱ्याने फळ्यावर प्रमेय सांगून निघून जायचं आणि हिने पोरांकडून ते घासून घ्यायचं. वडील गेले तशी तिने आईला आपल्या फ्लॅटवर आणलं, आणि तेव्हापासून तिचं गाव सोडणं बंद झालं. कोर्दोबाला परिषद असो की ब्वेनोस आयरेसला, 'आईला कुठे ठेवू?' हे एकच उत्तर. हळूहळू लोकांनी बोलावणंही सोडलं.

तिचं जग म्हणजे आमचं गुरुवारचं चर्चासत्र. तळघरातली खोली, एक धुरकट शेगडी, फळा, आणि हातोहात फिरणारा येर्बाच्या पानांचा कडू काढा. भोपळ्याचा पेला एक, नळी एक, आणि सगळ्यांची तोंडं त्याच नळीला. आमच्याकडे प्रश्न शेवटी विचारायची पद्धत नव्हती. वक्त्याला मध्येच तोडायचं. ओती नळी तोंडातून काढायची आणि म्हणायची, 'थांब. का?' बस, एवढंच. तिच्या त्या 'का'ला बाहेरून आलेले भलेभले टरकत. कितीदा तरी त्या एका अक्षरापायी वक्त्याने फळा पुसून परत पहिल्यापासून सुरुवात केलेली मी पाहिली आहे.

मार्चमध्ये साथ आली, सगळं बंद झालं आणि चर्चासत्र पडद्यावर गेलं. त्या पडद्याबद्दल माझ्याकडून चांगल्या शब्दाची अपेक्षा करू नका. 'माझा आवाज येतोय का?' 'तुमचा आवाज बंद आहे.' 'आता?' 'आता चित्र गेलं.' गणित सुरू व्हायच्या आत माणसाचा जीव विटतो. काळ्या चौकटी आणि त्यांत नुसती नावं. नावामागे माणूस बसलाय, झोपलाय की कुत्रा फिरवायला गेलाय ते देव जाणे. एक मान्यवर गृहस्थ कॅमेरा चालू आहे हे विसरून पायाची नखं कापत बसले होते आणि कापलेलं प्रत्येक नख मांडीवर जपून ठेवत होते. प्रश्न विचारायचा तर लिहून विचारायचा. मग यजमान तो वाचणार, वाचावासा वाटला तर. आणि शेवटी टाळ्या म्हणजे पिवळ्या पंजांची मुकी चित्रं.

ओतीला मात्र मेजवानी मिळाली. जन्मात पहिल्यांदा तिला आईला न सोडता कुठेही जाता येत होतं.

'अगं नेल्दा, आज सकाळी मी मेक्सिकोत होते आणि दुपारी साऊ पाउलोला,' ती मला जिन्यातून सांगायची. 'आणि मधल्या वेळात आईचं सूपही झालं.'

'मेक्सिकोत होतीस म्हणे! काळ्या चौकटीत होतीस.'

'असू दे. तू जा बाई विमानाने. मला चौकट पुरे.'

जिन्यातून अशासाठी, की तिच्या दाराच्या आत कुणालाही प्रवेश नव्हता. दोन्या अपोलोनियाची छाती पिठाने पोखरलेली होती. बेकरीतल्या बायकांना होतो तो दमा. उभा जन्म पीठ श्वासातून आत गेलेलं. त्यांच्या डॉक्टरने मार्चमध्येच सांगून टाकलं होतं, 'ह्यांना हा आजार झाला तर मला बोलावू नका, पाद्र्याला बोलवा.' तेव्हापासून ओतीने एकच हट्ट धरला, की आईला ह्यातून जिवंत काढायची. मी भाजी आणि औषधं दारात ठेवायची, बेल दाबायची आणि खालच्या वळणावर जाऊन उभं राहायचं. मग दार उघडायचं. टोमॅटोसुद्धा क्लोरीनच्या पाण्यात अंघोळ करून आत जायचे. म्हातारी मार्चपासून ना गॅलरीत आली ना जिन्यात. 'एवढा हिवाळा निघू दे,' ओती म्हणायची; आमच्याकडे तो जून ते ऑगस्ट. 'मग मी कुणाला भीत नाही.'

म्हातारी बहिरी. तिचा रेडिओ इतका मोठा लागायचा की खालच्या मजल्यावर बातम्या ऐकू जात. एका चर्चासत्रात कुणीतरी लिहिलं, 'कोणाकडे तरी पोल्का वाजतोय, कृपया बंद करावा.' ओती शरमली. तिने आईला कानावर चढवायचे मोठे हेडफोन मागवून दिले. म्हातारी खूश, पोल्का थेट डोक्यात. घर मात्र एकदम गप्प झालं. मला जिन्यात उभी असताना ती शांतता जाणवायची, पण त्यात काही वावगं आहे असं मला वाटलं नाही. ज्यांना वाटायचं त्यांना वाटलं.

भिंतीला कान असतात म्हणतात. ओतीच्या भिंतीला सेन्योरा बेबा होती. शेजारच्या फ्लॅटमध्ये एकटी राहायची. सुरुवातीला सगळं गाव रोज संध्याकाळी डॉक्टर-नर्सेससाठी गॅलरीत येऊन टाळ्या पिटत होतं, त्यात हिची टाळी सगळ्यांत मोठी. आणि ह्याच बाईने दुसऱ्या मजल्यावरच्या नर्सला 'तुम्ही काही दिवस दुसरीकडे राहाल तर इमारतीवर उपकार होतील' अशी बिनसहीची चिठ्ठी लिफ्टमध्ये डकवली. अक्षर सगळ्यांनी ओळखलं, कुणी काही बोललं नाही. तोंडावर टाळी आणि पाठीमागे चिठ्ठी. अशी माणसं रोगाहून वाईट.

आता फाकुंदो इरिबार्ने. हा आमचाच पोरगा. ओतीच्या उदाहरणांच्या तासाला बसून शिकला, मग युरोपात गेला आणि तिकडचाच झाला. साथीच्या काळात त्याने स्पॅनिश बोलणाऱ्या सगळ्या बीजगणितवाल्यांसाठी एक मोठं चर्चासत्र काढलं. मागे पुस्तकांची भिंत, समोर दिवा असा लावलेला की कपाळ चकाकावं, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी हसू. एकदा त्याच्याकडे कुणी नामांकित पाहुणे बोलत होते. ओतीने लिहून विचारलं, 'दुसऱ्या ओळीवरून तिसरी कशी? का?' फाकुंदोने ते वाचलं, हसत हसतच. पाहुणे अडखळले ते अडखळलेच. ऑगस्टमध्ये त्याचा एक वक्ता ऐनवेळी गळाला तेव्हा त्याला ही आठवली.

'ओती, तूच का नाही बोलत? पाऊण तास. तुझं ते जुनं काम आहे ना?'

तिचं जुनं काम होतं. पोरांच्या वह्या तपासता तपासता कित्येक वर्षांत जमवलेलं एक प्रमेय. आमच्या गुरुवारच्या खोलीत आम्ही ते तुकड्यातुकड्यांनी ऐकलेलं होतं. बाहेरच्या कुणीही नाही.

इथे मला एक शब्द सांगितला पाहिजे, कारण सगळा घात त्या शब्दाने केला. ज्या संख्यांमध्ये बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार सगळं बिनतक्रार करता येतं, त्यांच्या समूहाला आमच्या भाषेत 'देह' म्हणतात. का म्हणतात ते म्हणणाऱ्यांना माहीत. देह लहान असतो, मोठा असतो, उघडा असतो, बंद असतो. लहान पडला तर वाढवायचा असतो. आणि एखाद्या समीकरणाचे ज्यात पूर्ण तुकडे पडतात तो 'विघटनाचा देह'. आता आमच्या भाषेत तुकडे पडणं आणि प्रेत कुजणं, दोन्हीला विघटनच म्हणतात. विद्यार्थी पहिल्या वर्षी फिदीफिदी हसतात, दुसऱ्या वर्षी हसायचं विसरतात, आणि आम्हाला तर त्या शब्दात प्रेत आहे हे ऐकूही येत नाही.

ओतीने तालीम सुरू केली. स्वयंपाकघरात, भांडी घासताना, रोज. बहिऱ्या आईमुळे तिला मोठ्याने बोलायची सवय, त्यात पडद्यावर आवाज पोचतो की नाही ही धास्ती. तेव्हा भिंतीपलीकडे बेबाला रोज काय ऐकू येत असेल? 'आता आपण देह घेऊ.' 'हा देह इथे मावत नाही.' 'विघटन पूर्ण व्हायला किती लागेल?' 'काळजी नको, देहाबाहेर काहीही उरत नाही.' आणि म्हातारी मार्चपासून दिसलेली नाही. आणि रेडिओ बंद.

जशी दृष्टी तशी सृष्टी म्हणतात तसं बेबाच्या मनात लगेच पेन्शन आली. म्हातारी मेली, पोरीने कळवलं नाही, पेन्शन खातेय आणि आईला घरात ठेवलंय. पुढे पोलिसांत तिने हेच सांगितलं. बेल दाबून 'अपोलोनिया बऱ्या आहेत ना?' एवढं तिला विचारता आलं नाही. ती माझ्याकडे रोज बघत होती, मी भाजीची पिशवी घेऊन जिना चढत होते; मलाही विचारलं नाही. विचारलं असतं तर मजा गेली असती.

भाषणाचा दिवस आला. बाहेर आमचा तो नेहमीचा वारा खिडक्या खडखडवत होता. ओतीने केस विंचरून अंबाडा घातला होता, चुलतभावाच्या लग्नातलं निळं जाकीट काढलं होतं. पाठीमागे फ्रीज दिसत होता आणि फ्रीजच्या दाराला तिने पांढरे कागद चिकटवले होते, तोच फळा. मी माझ्या घरून बघत होते. शंभरावर चौकटी होत्या.

ती बोलू लागली आणि पहिल्यांदाच मला पडद्याचा विसर पडला. हे मी त्या पडद्याचं कौतुक म्हणून सांगत नाही, ओतीचं म्हणून सांगते. ती फ्रीजवर लिहीत होती, मागे वळून स्वतःलाच 'का?' विचारत होती आणि उत्तर देत होती. प्रमेय तीन पायऱ्यांचं. पहिली झाली, दुसरी झाली.

'तेव्हा देह ह्या क्षणी आपल्या हातात नाही,' ती म्हणाली, 'पण तो कुठेतरी आहे हे नक्की. आता तिसरी पायरी...'

बेल वाजली. मग दारावर थापा. 'पोलीस! दार उघडा!'

ओतीने हातातला पेन तसाच धरून, दाराची साखळी न काढता, दार बोटभर उघडलं. तिचा स्वयंपाकघरातला लॅपटॉप थेट दाराकडे तोंड करून होता. आम्हा सगळ्यांना दिसत होतं, ऐकू येत होतं.

'बाई, तक्रार आहे. देह कुठे आहे?'

आता हे ज्याने कधी प्रमेय मांडलं नाही त्याला कळायचं नाही. माणूस सिद्धतेच्या मध्यावर असतो तेव्हा त्याला बाहेरचं जग ऐकूच येत नाही. कुणी काही विचारलं तर तो सिद्धतेतलंच उत्तर देतो. ओतीला वाटलं श्रोत्यांतून प्रश्न आला. इतक्या महिन्यांनी कुणीतरी तोंडाने प्रश्न विचारला.

'अजून बांधून झालेला नाही,' ती म्हणाली. 'एक पायरी राहिलीय.'

पोलिसांनी एकमेकांकडे बघितलं. थोरला म्हणाला, 'आणि विघटन?'

'ते पूर्ण होतं. तेच तर दाखवतेय!'

ध चा मा होतो तो असा. थोरल्याने खांदा लावला, साखळीचा खिळा चौकटीतून उपटून आला आणि मार्चपासून ज्या दारातून टोमॅटो न्हाल्याशिवाय गेला नव्हता त्या दारातून दोघे बूट वाजवत आत घुसले. तेव्हा ओती भानावर आली. 'आत नको! आत नको हो, आई आहे! लांबून बोला!' पण आता कोण ऐकतंय.

धाकट्याचा मास्क हनुवटीखाली लोंबत होता. त्याने आतलं दार उघडलं. आत दोन्या अपोलोनिया झोपायच्या झग्यात, लोकरीची टोपी घालून, कानांवर हेडफोन चढवून आरामखुर्चीत बसली होती. ती उठली, हेडफोन गळ्यात घेतले आणि थेट कॅमेऱ्यासमोर आली.

'पोरी, पाहुणे आले आणि तू उभं ठेवलंस त्यांना?' बहिऱ्या माणसाच्या त्या खणखणीत आवाजात तिने विचारलं. मग धाकट्याचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले. 'अगं बाई, पोराचे हात बघ कसे गारठलेत. बस रे बाळा. साखरेचा चुरा घातलेला केक आहे, कालच केलाय.'

'आई, सोड त्याला! हात सोड आई!'

'काय म्हणतेय?'

'हाच तो देह म्हणायचा का साहेब?' धाकट्याने थोरल्याला विचारलं. थोरला म्हणाला, 'गप बस, गाढवा.' आणि धाकट्याने मास्क पार काढून खिशात घातला, कारण म्हातारीने केकचा तुकडा त्याच्या तोंडासमोर धरला होता. त्याने तो तिच्या हातातून खाल्ला. चांगला झालाय म्हणाला. तिने दुसरा दिला.

आणि पडद्यावर काय चाललं होतं? इतके महिने ज्या चौकटींतून हूं की चूं आलं नव्हतं त्या सगळ्यांचे आवाज एकदम सुरू झाले होते. हसत होते. काळ्या चौकटी भराभर उजळत होत्या आणि आत माणसं पोट धरून हसत होती. नखंवाले मान्यवर डोळे पुसत होते. फाकुंदो ओरडत होता, 'कुणी काही बंद करू नका! रेकॉर्डिंग चालू आहे!' ओती दोन्ही हात जोडून पोलिसांना म्हणत होती, 'जा हो, तुमच्या पाया पडते, आईपासून लांब व्हा,' आणि त्यावर आणखी हशा. मी इकडे घसा फोडून ओरडत होते, 'त्याला बाहेर काढ, ओती, बाहेर काढ!' माझा आवाज बंद होता. मला ते कळलंच नाही.

शेवटी पोलीस गेले. माफीबिफी काही नाही. 'तक्रार आली की यावं लागतं बाई,' एवढंच. फाकुंदोने 'आजचं सत्र इथेच थांबवू, असं सत्र परत होणे नाही!' म्हणून पिवळे पंजे मागवले. तिसरी पायरी फ्रीजवर कोरीच राहिली.

त्याच आठवड्यात त्याने तेवढा तुकडा कापून सगळीकडे टाकला. नाव दिलं, 'देह कुठे आहे, बाई?' केक भरवतानाचं चित्र शेवटी ठेवलं. ओतीने हात जोडले तो भाग मात्र बेताने कापून काढला, कारण त्याने विनोदाला बाध आला असता. तो मूर्ख असता तर मी सोडून दिलं असतं. त्याला नेमकं कुठे कापायचं ते कळत होतं, ह्याची मला किळस आहे.

पुढच्या आठवड्याच्या अखेरीला म्हातारीला ताप भरला. मग धाप. तिला रुग्णवाहिकेतून नेलं तेव्हा ओतीला जिन्याच्या खाली येऊ दिलं नाही. त्यानंतर रोज दुपारी एक फोन यायचा. कुणीतरी थकलेला आवाज, रोज वेगळा, रोज तेच सांगणारा. ओती तो फोन हातात धरून सकाळपासून बसायची. आम्ही दाराच्या अलीकडे पलीकडे बसून बोलायचो, मी पायरीवर आणि ती आत जमिनीवर.

'त्या हलकट पोलिसाने केकच्या बदल्यात काय दिलं बघ,' मी म्हणाले. 'आणि त्या शेजारणीने.'

'असं म्हणू नकोस, नेल्दा.'

'का नको?'

'सिद्ध झालेलं नाही. मी क्लोरीनच्या पाण्यात एखादी वस्तू नीट बुडवली नसेल. तुझ्या पिशवीतून आलं असेल. नंतर घडलं म्हणून त्यामुळे घडलं असं होत नाही.'

'आई मरायला टेकलीय आणि तू मला तर्कशास्त्र शिकवतेस?'

'मग काय शिकवू?' ती म्हणाली आणि रडायला लागली. मला तिला हात लावता येत नव्हता. मी पायरीवर बसून होते. सिद्ध झालेलं नाही, खरं आहे. कधी होणारही नाही. तरी मी म्हणते, आणि मरेपर्यंत म्हणेन.

दोन्या अपोलोनिया गेली. तिला नवऱ्याशेजारी, गावच्या दफनभूमीत जायचं होतं. पण एका गावातून दुसऱ्या गावात जिवंत माणसाला परवाने मिळत नव्हते, मेलेल्याला कोण देतो? इथेच पुरली. पेटी आधीच बंद केलेली, चेहरा दाखवायची मनाई. ओती एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला, मध्ये दोन प्लॅस्टिकचे पोशाख घातलेली माणसं आणि वारा. पाद्री फाटकाशीच हात हलवून गेला.

परत आलो तर ओतीच्या पायपुसण्यावर क्लोरीन ओतलेलं होतं, वास जिन्याभर. आणि लिफ्टमध्ये चिठ्ठी: 'बाधित कुटुंबाने कृपया जिन्याचा वापर करावा.' तेच अक्षर. मी ती टराटरा फाडली. बेबा दाराच्या फटीत उभी होती.

'मी आपली काळजीपोटी कळवलं हो,' ती म्हणाली. 'मला काय ठाऊक तो शब्द गणितातला आहे म्हणून? तुम्ही शिकलेली माणसं, जरा बरे शब्द ठेवावेत.'

मी तिला जे म्हणाले ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याचा तिच्यावर काही परिणाम झाला असंही नाही.

नोव्हेंबरात फाकुंदोचं पत्र आलं. लोक विचारत आहेत, व्हिडिओ कुठल्या कुठे गेलाय, ओतीने उरलेलं भाषण पुरं करावं, विक्रमी गर्दी होईल. आई गेल्याचं त्याला माहीत नव्हतं. ओतीने कुणालाच कळवू दिलं नव्हतं. 'त्यांना कशाला?' ती म्हणाली होती, आणि मला शपथ घातली होती.

'जाऊ नकोस,' मी म्हणाले. 'ती माणसं गणित ऐकायला येत नाहीयेत. तमाशा बघायला येतायत.'

'येऊ देत. तिसरी पायरी राहिलीय.'

'मला सांग. मी ऐकते.'

'तुला सांगून झालीय. मला ती अर्धी टाकवत नाही गं. आई अर्धं मळलेलं पीठ कधी टाकून उठली नाही.'

तिने कॅमेरा बंद ठेवला. नुसते कागद दाखवले आणि बोलली. चौकटी मोजायच्या पलीकडे होत्या. अर्धीअधिक नावं मी गणितात कधी ऐकली नव्हती. तिसरी पायरी तिने अशी मांडली की मला वाटलं, आता कुणीतरी मध्येच तोडेल, आता कुणीतरी 'का?' म्हणेल. देह बांधून झाला. विघटन पूर्ण झालं. सिद्धता संपली, आणि 'एवढंच' म्हणून ती थांबली.

'अप्रतिम, ओती, अप्रतिम!' फाकुंदो म्हणाला. 'प्रश्न? कुणाला प्रश्न?'

एक प्रश्न आला. फाकुंदो वाचतानाच हसायला लागला. 'एक नाही, पन्नास जणांनी एकच विचारलंय. आजी कुठायत? आजींना आणा ना जरा कॅमेऱ्यावर!'

पडदा हृदयांनी भरून गेला. केकची चित्रं उडायला लागली. माझं बोट आवाजाच्या बटणावर होतं, पण तिने घातलेली शपथ होती.

'आई नाहीये,' ओती म्हणाली.

'अरे वा!' फाकुंदो म्हणाला. 'म्हणजे सुटल्या म्हणायच्या आजी एकदाच्या! इतके महिने कोंडून घातलं होतंस बिचारीला.'

'हो,' ओती म्हणाली. 'सुटली. तिसऱ्या पायरीबद्दल कुणाला काही विचारायचंय का?'

कुणालाच नव्हतं. पिवळे पंजे वर आले.